लागलं का?

तन्वी पडली तेव्हा मी तिच्याकडे बघत नव्हते. पायाखालच्या निळ्या रबरी फरशीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, हिच्याखाली आमचं काँक्रीट अजून असेल, की उकरून टाकलं असेल. तेवढ्यात आवाज आला. आधी बूड टेकल्याचा, मग लगेच तळहात जमिनीवर आपटल्याचा. तो आवाज मी ओळखला. मीच तो घरात आणला होता.

शिट्टी वाजली. पंचाने समोरच्या पोरीला काही म्हटलं नाही. तन्वीकडे बघून त्याने कोपरातून हात दोनदा वर केला. पलीकडच्या बाकांवरची माणसं हसली. माझ्या शेजारची गुजराती बाई तिच्या जावेला म्हणाली, "नाटक करे छे." तिला माहीत नव्हतं की पडलेली पोर माझी नात आहे. मीही सांगितलं नाही.

मॅच संपल्यावर तन्वी बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत आली. चौदा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा हातभर उंच.

"तो पंच हात कशाला हलवत होता गं?"

"वॉर्निंग दिली. फ्लॉप म्हणून."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आजी, मला कोणी टच केलं नाही, तरी मी पडले. आधी चालून जायचं, आता पकडतात. परत केलं असतं तर त्यांना फ्री थ्रो मिळाला असता."

"असं पडायला कुणी शिकवलं तुला?"

"मम्मीनं," ती म्हणाली आणि बुटाची नाडी सोडायला खाली बसली. "हात असा आपटला ना, की कंबरेला लागत नाही."

तिची मम्मी म्हणजे माझी रेखा. रेखाला मी शिकवलं होतं.

हे बास्केटबॉलचं मैदान सुताच्या कारखान्याच्या कॉलनीचं. आज त्याला चारी बाजूंनी जाळी आहे, काचेचे बोर्ड आहेत, दिवे आहेत. मी शहाद्याकडून नवऱ्यामागे सिल्वासाला आले तेव्हा इथे दोन लोखंडी खांब होते, त्यांवर लाकडाच्या फळ्या होत्या आणि कड्या होत्या. जाळ्या उंदरांनी खाल्लेल्या होत्या. नवरा कारखान्यात मशिनवर आणि मी कॉलनीत झाडलोटीला. मैदान माझ्याकडे आलं ते कुणी ठरवून दिलं म्हणून नाही. बाकीच्या बायकांना ते नको होतं, कारण तिथे सावली नव्हती.

त्या मैदानाला वर्षभर वेगवेगळा वास यायचा. थंडीत दमणगंगेवरून धुकं यायचं आणि त्यात कारखान्यातल्या सुताला लावतात त्या तेलाचा वास मिसळायचा. जरा गोड, जरा जळका. तो नवऱ्याच्या शर्टाला असायचा, रेखाच्या वेणीला असायचा, भाकरीलाही असायचा. रस्त्याच्या कडेला उंबाडियूची मडकी उलटी घालून जाळ लावायचे. आत कंद, पापडी आणि रानातला पाला. त्याचा धूर मैदानावर आला की पोरी खेळता खेळता नाक वर करायच्या. होळीच्या आधी मोहाची फुलं पडायची. कुंपणाला लागून एक जुना मोह होता, तो पहाटेपासून सगळ्या काँक्रीटवर फुलं टाकून ठेवायचा. पायाखाली आली की ती चिकट व्हायची, आणि आंबूस वास दुपारपर्यंत जायचा नाही. मी खराट्याने ती एका कोपऱ्यात लोटायचे, आणि किलवणीकडच्या बायका येऊन टोपलीत भरून न्यायच्या. उन्हाळ्यात ताडगोळे यायचे. इथे त्यांना गलेली म्हणतात. पोरींना शिकवायला येणारे साहेब खेळ झाल्यावर एकेक द्यायचे. साली मीच उचलायचे. पावसाळ्यात मात्र शेवाळ. ब्लीचिंग पावडर टाकून, बसून, काथ्याने घासायचं. पंधरा दिवस हाताची कातडी सोलून निघायची.

पण माझं खरं काम रेघांचं. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, मी रेघा मारायचे. चुन्यात जरासा डिंक, जुनी कुंचली आणि कारखान्यातलं वाया गेलेलं सूत. ते सूत दोन खिळ्यांमध्ये ताणलं की तारेसारखं व्हायचं, बोटाने टिचकी मारली तर वाजायचं. एका टोकाला रेखा बसायची, दुसऱ्या टोकाला मी. कडीखाली खिळा धरून, सुताला गाठ मारून गोल रेघही आम्हीच मारायचो. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, भूमिती मला कुणी शिकवली नाही. पण माझी रेघ वाकडी गेली असं कुणी कधी म्हटलं नाही.

रेघा मीच मारत होते म्हणून तिथे एक पद्धत पडून गेली होती. संध्याकाळी भोंगा झाला की ते नाशिकचे साहेब पोरींना खेळ शिकवायला यायचे. कारखान्यात ते मोठ्या जागेवर होते, पण मैदानात आले की चपला काढून, पँट दुमडून, शिट्टी गळ्यात घालून उभे राहायचे. पंच ते एकटेच. एका माणसाला सगळं कुठून दिसणार? मग चेंडू रेघेजवळ पडला आणि पोरी भांडायला लागल्या की ते बोर्डाखाली बसलेल्या मला विचारायचे, "मावशी, आत की बाहेर?"

मी सांगायचे, आत. किंवा बाहेर. पुढे वाद नाही.

एकदा रेखाचाच चेंडू होता. तो आत धरला असता तर त्यांची टोळी जिंकली असती. मी म्हटलं, "बाहेर." रेखा त्या दिवशी माझ्याशी न बोलता जेवली. साहेब सगळ्या पोरींसमोर म्हणाले, "मावशीची रेघ आणि मावशीचा शब्द, दोन्ही सरळ." मला ते आवडलं. कुठल्या बाईला आवडणार नाही. मी चार दिवस मान वर करून झाडलं.

आठवड्यातून तीनदा किलवणीजवळच्या आश्रमशाळेच्या पोरी टेम्पोतून यायच्या. टेम्पो दिसायच्या आधी त्यांचं गाणं ऐकू यायचं. त्यांच्यात सुमन होती. दुधनीची, धरणाकाठची. पायाची बोटं अशी पसरलेली की साहेबांनी बूट आणून दिले ते तिच्या पायात जाईनात. मग पुढून कापून दिले. ती त्या कापलेल्या बुटांतून बोटं बाहेर काढून खेळायची.

साहेब एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायचे. मला ती तेव्हा पाठ झाली होती, आजही आहे. "आधी जाऊन उभं राहायचं," ते म्हणायचे. "पाय रोवायचे. हात सरळ वर. समोरची येते तिला येऊ द्यायचं. तुम्ही आधी पोचलात आणि ती धडकली तर दोष तिचा. तुम्ही उशिरा पोचलात तर दोष तुमचा. धक्का छातीवर घ्या, मग पडा. तो फाऊल कमावलेला." आणि मग एखाद्या पोरीकडे बघून, "धक्का न लागता पडलात तर ती चोरी."

पोरी हो हो म्हणायच्या. छातीवर धक्का घ्यायची हौस कुणालाच नव्हती. सुमन घ्यायची. अंगाने भरलेली एखादी पोर चेंडू घेऊन धावत आली की बाकीच्या बाजूला सरकायच्या, आणि ही तिच्या वाटेत जाऊन खुंट्यासारखी उभी. धडकल्याचा आवाज यायचा, पोतं टाकल्यासारखा. सुमन मागे जाऊन पडायची, उठायची, शर्ट झटकायची आणि हसायची. मला बघवायचं नाही. बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

रेखा बरी खेळायची. वाईट नाही. पण धक्क्याला भ्यायची.

बोर्डाखाली खराटा मांडीवर घेऊन वर्षानुवर्षं बसल्यावर मला एक गोष्ट कळली होती, साहेबांना न कळलेली. शिट्टी धक्का बघून वाजत नाही. पडणं बघून वाजते. धक्का दोन पोरींच्या मध्ये असतो, तो कुणाला दिसतो? पडलेली पोर मात्र सगळ्यांना दिसते.

हे मी रेखाला सांगितलं. का सांगितलं, ते लिहीत बसत नाही. कारणं शोधायला गेलं की सापडतातच, आणि सापडली की माणसाला बरं वाटतं. मला बरं वाटून घ्यायचं नाही.

नवरा दुसऱ्या पाळीला गेला की आम्ही खोलीत चार गोधड्या एकावर एक टाकायचो. गोधड्यांना त्याच तेलाचा वास. मी उभी राहायचे आणि रेखा माझ्या अंगावर यायची, वीतभर अलीकडे थांबायची आणि मागे जायची. आधी बूड. हनुवटी छातीशी. मग तळहात जोरात आपटायचा, आवाज झाला पाहिजे. तोंडातून "आई गं" निघालं पाहिजे, पण फार मोठं नाही. फार मोठं खोटं वाटतं.

"पण तिनं ढकललंच नाही तर?" रेखाने विचारलं होतं.

"तू पडलीस ना? मग झालं."

"सुमनला कळेल."

"सुमनला विचारतो कोण?"

सुमनला कळलंच. दोनतीन वेळा रेखा तिच्यापुढे पडली आणि शिट्टी वाजली, तेव्हा सुमनने नियमाप्रमाणे हात वर केला. तेव्हा तसा नियम होता, फाऊल केला की हात वर करायचा. खेळ संपल्यावर पाणी पिताना ती रेखाला म्हणाली, "तू गं आंब्यासारखी पडते. देठ तुटायच्या आधीच."

सगळ्या पोरी हसल्या. रेखाही हसली. मीही हसले.

मग ती निवड आली. गुजरातेत कुठेतरी खेळाडू पोरींचं वसतिगृह होतं. राहणं, जेवण, शाळा, बूट, सगळं तिथे. आमच्या मैदानातून एकच पोर घेणार होते, आणि ती सुमन किंवा रेखा हे झाडणाऱ्या बाईलाही कळत होतं. आश्रमशाळा दहावीला संपत होती. त्यानंतर सुमनला दुधनीला परत, भातात आणि मासळीत. रेखाचं तसं नव्हतं. रेखा इथे पुढे शिकलीच असती. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. नंतर कळलं असं नाही.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. मी पहाटे दोनदा झाडलं. रेघा ताज्या होत्या, नाकात चुना जात होता. वसतिगृहाची दोन माणसं खुर्च्या टाकून बसली, मांडीवर कागद. साहेब शिट्टी घेऊन. खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात दिसलं की सुमनपुढे रेखा काही नाही. ती माणसं सुमन चेंडूजवळ गेली की कागदावरून मान वर करायची. रेखाच्या वेळी लिहीत राहायची.

पाच फाऊल झाले की पोर बाहेर जाते. सुमनचे चार झाले होते. चारातले दोन आमचे होते, गोधडीवरचे.

शेवटी शेवटी रेखा चेंडू घेऊन माझ्या बाजूच्या कडीकडे आली. सुमन आधीच तिथे होती. कापलेल्या बुटांतून बोटं बाहेर, पाय रोवलेले, हात सरळ वर. रेखा वीतभर अलीकडे थांबली आणि मागे गेली. बूड, तळहात, "आई गं." चेंडू माझ्या पायाशी आला. साहेब रेखाच्या पाठीमागे होते, त्यांना मधलं काही दिसलं नव्हतं. त्यांनी शिट्टी वाजवली खरी, पण हात कुणाकडे करायचा ते त्यांना कळेना.

"नाय लागलं सर," सुमन म्हणाली. "मी हललेच नाय."

रेखा खाली बसली होती. गुडघा सोलवटला होता आणि रक्त येत होतं. ते खरं रक्त होतं. पडताना कशी कुणास ठाऊक, एका बाजूला गेली होती.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही समोर होता. लागलं का?"

आपल्या भाषेत एकच शब्द आहे. अंगाला अंग लागलं तरी लागलं, आणि जखम झाली तरी लागलं. साहेब पहिलं विचारत होते. मी रेखाच्या गुडघ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "लागलं."

एवढाच शब्द. त्यानंतर पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावत होते की मी खोटं बोलले नाही. तिला लागलंच होतं, रक्त सगळ्यांनी बघितलं. असा शब्द सापडला की माणूस त्याच्या आड बसून आयुष्य काढू शकतो. मी काढलं.

सुमनने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत राहिली, मग तिने आपल्या हातांकडे बघितलं, उलटे सुलटे करून, जसं काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत. आणि मग हात वर केला. पाचवा. ती रेघेबाहेर गेली, माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली आणि उरलेला खेळ बघितला. तिच्याशिवाय रेखाला मैदान मोकळं होतं. रेखाने शेवटचे तीन चेंडू टाकले. ती माणसं लिहीत होती.

टेम्पो गेला तेव्हा गाणं नव्हतं.

रेखा गेली वसतिगृहात. दोन वर्षं राहिली, गुडघा बिघडवून परत आली. त्यानंतर तिने घरात चेंडू ठेवला नाही आणि त्या दिवसाबद्दल माझ्याशी बोलली नाही. मीही नाही. आमच्या घरात तो दिवस भिंतीतल्या खिळ्यासारखा होता, त्यावर काही टांगायचं नाही आणि तो काढायचाही नाही. सुमन मैदानावर परत आली नाही. बाकीच्या पोरी यायच्या. मी रेघा मारत राहिले. चेंडू रेघेजवळ पडला की साहेब तसेच विचारायचे, "मावशी, आत की बाहेर?" मी खरं सांगायचे, दर वेळी खरं. त्याने काही भरून येत नव्हतं. साहेब बदलून नाशिकला गेले, तेव्हा नव्या माणसाला माझ्यासमोर म्हणाले, "रेघेचं काही अडलं तर मावशीला विचारा. त्यांचं चुकत नाही." मी खराटा उचलला आणि न झाडायची जागा झाडायला गेले.

तन्वीच्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी मी आणि रेखा ओट्याशी पापडी सोलत होतो. नवरा गेल्यापासून मी रेखाकडेच राहते.

"पोरीला पडायला कशाला शिकवलंस?" मी विचारलं.

"कंबर मोडू नये म्हणून."

"ती त्याच्यासाठी नाही पडली काल."

रेखाने शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. "पडायला मी शिकवलं. कधी पडायचं ते तिचं ती शिकली." मग म्हणाली, "मीही शिकलेच होते की."

"तू नाही. तुला मी शिकवलं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते आमच्यामध्ये बोललं गेलं. रेखाने माझ्याकडे बघितलं नाही.

"सुमन कुठे असते गं?"

"दुधनीलाच. नवऱ्याची होडी आहे, आलेल्या माणसांना धरणात फिरवतो. ऑफिसची ट्रिप गेली होती तेव्हा दिसली. मी गाडीतून उतरले नाही."

"मी जाते."

"कशाला? काय करणार आता जाऊन? तिला आठवतही नसेल."

"नसेल आठवत तर परत येईन."

"आई, तुझं वय बघ आणि तो रस्ता बघ." मग वाटी पुढे सरकवून म्हणाली, "माझं नाव घेऊ नको."

"तुझं नाव कशाला घेऊ? शब्द माझा होता."

दुधनीची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. खानवेलच्या पुढे साग लागले, मग वळणावळणाने पाणी दिसायला लागलं. जीपवाल्याला मी म्हटलं, मला परत जायचं आहे, तो म्हणाला, पाऊण तासात इथूनच सुटेल.

घर सापडायला वेळ लागला नाही. ती अंगणात विळीवर मासे साफ करत बसली होती, राख लावून. अंगाने भरली आहे. केस पुढून पांढरे. पण पाय तेच, बोटं पसरलेली. तिने मान वर केली, डोळे बारीक केले.

"रेघवाली मावशी," ती म्हणाली.

"ओळखलंस."

"न ओळखायला काय झालं? म्हाताऱ्या झालात. बसा." तिने पायाने पाट सरकवला. "रेखा कशी आहे?"

"बरी आहे."

"खेळते?"

"नाही. तिची पोर खेळते."

"बरं आहे," ती म्हणाली आणि पुढचा मासा घेतला.

मी वाटेत शब्द जुळवून आले होते. ते सगळे गेले. मी म्हटलं, "सुमन, निवडीच्या दिवशी तू तिला लागली नव्हतीस."

विळीवरचा हात थांबला. "लागले होते ना. तुम्हीच सांगितलं."

"मी खोटं सांगितलं. तुमच्या मधे वीतभर जागा होती. मी समोरून बघितलं."

माशा आल्या, त्या तिने हाकलल्या नाहीत.

"मला कळलंच नव्हतं लागल्याचं," ती म्हणाली. माझ्याशी नाही, विळीशी बोलल्यासारखी. "मी म्हटलं, मावशीनं बघितलंय म्हणजे लागलं असेल. माझंच कोपर गेलं असेल. शाळेत पोरी म्हणाल्या, नाय लागलं, आम्ही बघितलं, तर मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, त्या बाईनं स्वतःच्या पोरीचा चेंडू बाहेर दिला होता. ती खोटं नाय बोलत."

मी मान खाली घातली. मला ऊन लागत होतं, तरी सावलीत सरकायची लाज वाटली.

"शाळेतल्या बाई पुढच्या वर्षी म्हणाल्या, परत जा, परत घेतात. मी नाय गेले. मी म्हटलं, ज्याला आपलंच अंग कुठपर्यंत पोचतं ते कळत नाय, त्यानं काय खेळायचं." तिने हातावरची राख बघितली. "मग कुठे गर्दीत गेले तरी मी हात आखडूनच चालायचे. बाजारात पण. कुणाला लागेल, आपल्याला कळणार नाय. अजून तसंच चालते मी. नवरा हसतो."

माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं. तिने राखेचा हात वर करून मला थांबवलं.

"म्हणजे मी नीट उभी होते."

"नीट उभी होतीस."

"पाय?"

"रोवलेले."

"हात वर होते ना? सरळ?"

"सरळ वर."

"आणि ती यायच्या आधी मी तिथं पोचले होते."

"तू आधी पोचली होतीस."

काठावर तिचा नवरा होडीतलं पाणी उपसत होता. तिने त्याला हाक मारली, "ओ." त्याने वळून बघितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काय नाय. तुमचं चालू द्या."

तिने मला पाणी विचारलं नाही, चहा विचारला नाही. बरं झालं. कसा गिळला असता?

"परत सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. पहिल्यापासून."

मी सांगितलं. रेखा कुठून आली, सुमन कुठे उभी होती, मध्ये किती जागा होती. हाताने वीत करून दाखवली. तिने माझा हात धरून ती वीत जवळून बघितली, आणि तिच्या बोटांची राख माझ्या बोटांना लागली. मग म्हणाली, परत. मी परत सांगितलं. ती ऐकताना डोळे मिटून घेत होती. तिच्या पसरलेल्या बोटांनी अंगणातली माती धरली होती.

वळणावर जीप येऊन थांबली आणि हॉर्न वाजला. मी उठले. गुडघे धरले होते, पाटाला हात टेकून उठावं लागलं.

"अजून एकदा," सुमन म्हणाली.

जीपवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला. मी उभ्याने सांगितलं.